माशांची टाकी : काचेची की ॲक्रिलिकची?

वार्षिक परीक्षा संपली आहे. कित्येक महिने घरी लावलेला लकडा एकदाचा फळाला आला आहे आणि वडिलांनी तुम्हाला माशांची टाकी घेऊन द्यायचे कबूल केले आहे. तुम्ही दोघे दुकानात जाता. दुकानदार तुमच्यापुढे सारख्याच आकाराच्या दोन टाक्या मांडतो. एक काचेची. तिच्या कडा हिरवट दिसतात आणि ती उचलून आणायला दोन माणसे लागतात. दुसरी ॲक्रिलिकची, म्हणजे एका पारदर्शक प्लॅस्टिकची. ती दुकानदार एकटाच लीलया उचलतो आणि वर बोटाने टिचकी मारून दाखवतो. किंमत मात्र हिची जास्त.

दुकानदार म्हणतो, "ही घ्या, फुटायची भीती नाही." शेजारी उभे असलेले एक गृहस्थ न विचारताच सल्ला देतात, "छे, छे! काचच घ्या. प्लॅस्टिक ते शेवटी प्लॅस्टिकच!"

आता काय करायचे? मित्रांनो, दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आपल्याला शोधायचे आहे आणि त्यासाठी तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले दाब, घनता, अपवर्तन, उष्णतेचे वहन हे सगळे धडे उपयोगी पडणार आहेत. निवड चुकली तर नुसते पैसेच वाया जातील असे नाही. मध्यरात्री शंभर लिटर पाणी घरभर पसरेल आणि ज्यांना आपण हौसेने घरी आणले त्या माशांचा जीव जाईल. म्हणून प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

पाणी किती जोर लावते?

टाकी कशाची करायची हे ठरवण्याआधी तिला काय सोसावे लागणार आहे ते पाहू. समजा टाकी ९० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच आहे आणि तिच्यात आपण ४० सेंटीमीटर उंचीपर्यंत पाणी भरले. पाण्याचे आकारमान झाले ९० × ३० × ४० म्हणजे १,०८,००० घन सेंटीमीटर, अर्थात १०८ लिटर. त्याचे वजन १०८ किलोग्रॅम. दोन मोठ्या माणसांच्या वजनाच्या जवळपास जाणारा हा भार तुमच्या टेबलावर रात्रंदिवस उभा राहणार आहे.

हे झाले तळाचे. बाजूंवर किती जोर येतो? पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागावर तो शून्य आणि ४० सेंटीमीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला ४० ग्रॅम. (हवेचा दाब आतून आणि बाहेरून सारखाच असल्यामुळे तो आपण हिशेबात धरत नाही.) म्हणजे सरासरी दाब २० ग्रॅम. समोरच्या काचेचा भिजलेला भाग ९० × ४० म्हणजे ३,६०० चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा : ७२,००० ग्रॅम, म्हणजे ७२ किलोग्रॅम! एखादा धट्टाकट्टा माणूस त्या काचेला आतून सतत टेकून उभा आहे असे समजा.

आता एक गंमत पाहा. हीच टाकी ३० ऐवजी ६० सेंटीमीटर रुंद केली तर पाणी दुप्पट होईल, २१६ लिटर. समोरच्या काचेवरचा जोर किती होईल? दुप्पट? नाही. तो ७२ किलोग्रॅमच राहील! कारण दाब ठरतो तो पाण्याच्या खोलीवरून, पाणी एकूण किती आहे यावरून नव्हे. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली हे दाखवून दिले, तेव्हा ते लोकांना कोड्यासारखेच वाटले होते.

पण उंची दुप्पट करून पाहा. ८० सेंटीमीटर खोल पाण्यात सरासरी दाब होईल ४० ग्रॅम आणि भिजलेला भाग होईल ७,२०० चौरस सेंटीमीटर. जोर २८८ किलोग्रॅम, म्हणजे चौपट. पहिली गोष्ट इथेच लक्षात ठेवा : टाकीची खरी कसोटी तिच्या उंचीत आहे. ती किती लिटरची हे विचारण्याआधी ती किती खोल हे विचारावे.

दोन पदार्थांची ओळख

काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवून बनवलेला पदार्थ. माणसाला ती हजारो वर्षांपासून माहीत आहे. पण माशांच्या टाकीसाठी तिचा उपयोग होऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि तिथून घरोघरी टाक्या ठेवण्याची हौस पसरली. त्या काळच्या टाक्यांना धातूची चौकट असे आणि काचा त्या चौकटीत पुट्टीने बसवलेल्या असत. चौकट गंजायची, पुट्टी वाळून तडकायची आणि टाकी गळायची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिलिकोन रबराचे चिकटद्रव्य मिळू लागले. ते काचेला घट्ट धरते, पाण्याने बिघडत नाही आणि रबरासारखे थोडे ताणतेही. त्यामुळे चौकटीची गरज संपली. काचेला काच चिकटवून केलेली आजची टाकी ही अशी सिलिकोनची देणगी आहे.

ॲक्रिलिकचा जन्म मात्र अलीकडचा. हे एक बहुवारिक आहे. मिथाइल मिथॅक्रिलेट या द्रवाचे हजारो छोटे रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंफले की हा पारदर्शक घनपदार्थ तयार होतो. जर्मनीत ओटो रोम यांनी १९३३ मध्ये 'प्लेक्सिग्लास' या नावाची नोंदणी केली. इंग्लंडमध्ये हाच पदार्थ 'पर्स्पेक्स' या नावाने आला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या चालककक्षावरील पारदर्शक छत त्याचे केलेले असे.

इथे तुमच्या मनात शंका येईल : या प्लॅस्टिकमधून माशांना अपायकारक असे काही पाण्यात उतरत नाही ना? या शंकेचे एक नवलाचे उत्तर युद्धातच मिळाले. विमानाचे छत फुटून त्याचे बारीक कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले की डोळ्यासारख्या नाजूक इंद्रियातही हे कण काही दाह न करता पडून राहतात. त्यावरून त्यांनी १९४९ साली मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवले. आजच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची ही सुरुवात होती. जो पदार्थ डोळ्याला चालतो तो माशांना चालायला हरकत नाही. काचही तशीच निरुपद्रवी. काळजी घ्यायची ती जोडांची. नव्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पुरता जाईपर्यंत मासे सोडू नयेत. बुरशीनाशक मिसळलेले, न्हाणीघरासाठीचे सिलिकोन टाकीला वापरू नये. ॲक्रिलिकचे जोड द्रावकाने केलेले असतात. तेही पूर्ण सुकवून, पाणी एकदोनदा भरून ओतून टाकून मगच टाकी वापरावी.

वाकणे वेगळे आणि तुटणे वेगळे

"मजबूत कोण?" असा प्रश्न आपण सहज विचारतो; पण या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेले आहेत. पदार्थ वाकतो किती आणि तुटतो केव्हा?

पहिला प्रश्न घ्या. सारख्याच जाडीच्या दोन पट्ट्यांवर सारखाच भार ठेवला तर ॲक्रिलिकची पट्टी काचेच्या पट्टीपेक्षा सुमारे वीसपट जास्त वाकते. ताठपणात काच फारच पुढे आहे. मग ॲक्रिलिकची टाकी फुगून गोल होत नाही ती का? कारण ती जास्त जाड केलेली असते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट आणि तिप्पट केली की सत्तावीसपट. त्यामुळे काचेइतका ताठपणा आणायला ॲक्रिलिक पावणेतीन ते तीनपट जाड घ्यावे लागते.

आता वजनाचा हिशेब करू. काचेची घनता २.५, ॲक्रिलिकची १.१९. आपल्या टाकीच्या पाचही बाजू ८ मिलिमीटर जाडीच्या असल्या तर काचेची रिकामी टाकी सुमारे २७ किलोग्रॅम भरेल आणि ॲक्रिलिकची सुमारे १३. निम्म्याहून कमी! दुकानदार ती लीलया का उचलू शकला ते कळले ना? पण काचेइतकीच ताठ टाकी हवी म्हणून ॲक्रिलिक पावणेतीनपट जाड घेतले तर तिचे वजन ३५ किलोग्रॅमच्या वर जाईल, म्हणजे काचेहून जास्त. प्रत्यक्षात कारागीर मधला मार्ग काढतात. जाडी थोडीच वाढवतात, थोडे फुगणे चालवून घेतात आणि वरच्या कडेला सर्व बाजूंनी आडव्या पट्ट्या जोडून ते आवरतात. ॲक्रिलिकची मोठी टाकी वरून पूर्ण उघडी नसते याचे कारण हेच.

शिवाय हलकेपणाचा फायदा किती वेळ टिकतो तेही पाहा. टाकी भरली की १०८ किलोग्रॅम पाणी दोघींनाही सारखेच. काचेची एकूण १३५ आणि ॲक्रिलिकची १२१. टेबलाच्या दृष्टीने दोघींत फारसा फरक नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना टाकी चढवायची असेल तेव्हाच हलकेपणाचे मोल कळते.

आता दुसरा प्रश्न : तुटणे. काच कापणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. तो काचेवर हिरकणीने एक बारीक रेघ ओढतो, रेघेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून हलकासा दाब देतो आणि काच कट्कन त्या रेघेवर तुटते. एवढ्याशा ओरखड्याने एवढी काच कशी तुटली? ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास याचे उत्तर दिले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. काच ताणली गेली की सारा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे धावते. काचेत तिला अडवणारे काही नसते. म्हणून काच आधी सूचना न देता, एकदम फुटते. कडेचा टवका, कोपऱ्याला बसलेला धक्का, बुडाखाली राहिलेला वाळूचा एक खडा, एवढे निमित्त तिला पुरते.

ॲक्रिलिकच्या लांबलचक रेणूसाखळ्या मात्र धक्का बसताच थोड्या ताणतात, सरकतात आणि धक्क्यातली ऊर्जा गिळून टाकतात. त्यामुळे धक्का सोसण्यात ॲक्रिलिक काचेच्या कितीतरी पट पुढे आहे. घरात चेंडू खेळणारी भावंडे असतील तर हा गुण लहान नव्हे.

पण ॲक्रिलिकलाही शत्रू आहेत. स्पिरिट, थिनर, काचा पुसण्याची काही द्रावणे यांच्या स्पर्शाने ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकवर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात. दीर्घकाळ भार राहिला की ते हळूहळू वाकतच जाते. थोडेसे पाणीही ते शोषून घेते. उष्णतेने ते काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावते. तापमान १० अंशांनी वाढले तर ९० सेंटीमीटरची काच ०.०८ मिलिमीटर वाढते आणि ॲक्रिलिक ०.६ मिलिमीटरहून जास्त. सिलिकोनही त्याला नीट धरत नाही. म्हणून काचेची गळकी टाकी जशी घरी सिलिकोन लावून दुरुस्त होते, तशी ॲक्रिलिकची होत नाही.

ओरखड्यांची गोष्ट

माशांची टाकी म्हटली की शेवाळ आलेच. दर आठवड्याला आतून बाजू घासाव्या लागतात आणि इथे काच बाजी मारते. काच कठीण असते. तिच्यावरचे शेवाळ ब्लेडनेही खरवडता येते. ॲक्रिलिकवर ब्लेड किंवा तारेची घासणी फिरवली तर कायमच्या रेघा उठतात. वाळूचा कण काचेपेक्षाही कठीण असतो. घासणीत अडकला तर तो काचेलाही ओरखडतो. पण काच बऱ्याच चुका पोटात घालते, ॲक्रिलिक एकही घालत नाही. माशांना खाऊ घालायला घरात सगळेच पुढे येतात. टाकी घासायला कोण येणार आणि ते किती सांभाळून घासणार, याचा विचार टाकी घेतानाच करायला हवा.

मात्र एका बाबतीत ॲक्रिलिक वरचढ आहे. त्यावरचा ओरखडा अतिशय बारीक कागदाने आणि पॉलिशने घासून घालवता येतो. काचेवरचा खोल ओरखडा घरच्या घरी जात नाही.

मासा कुठल्या टाकीत स्पष्ट दिसतो?

ॲक्रिलिकमधून ९२ टक्के प्रकाश पार जातो, अशी जाहिरात केली जाते. उरलेला ८ टक्के कुठे जातो? तो मुख्यतः दोन पृष्ठभागांवरून परावर्तित होतो, हवेलगतच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के. काचेतही जवळजवळ तेवढाच परावर्तित होतो. शिवाय टाकीत एका बाजूला हवेऐवजी पाणी असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, ॲक्रिलिकचा १.४९ आणि साध्या काचेचा १.५२. हे आकडे जवळजवळ असल्याने पाण्याकडील पृष्ठभागावरून अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परततो. म्हणजे घरगुती टाकीत डोळ्यांना खरा फरक जाणवतो तो परावर्तनामुळे नव्हे, तर रंगामुळे. साध्या काचेत लोहाचा किंचित अंश असतो, त्यामुळे ती हिरवट दिसते. पण ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या काचेतून बघताना ही छटा कुणाच्या लक्षातही येत नाही. ती दिसते काचेच्या कडेकडून पाहिल्यावर, कारण तेव्हा प्रकाशाला काचेतून लांबचा प्रवास करावा लागतो. ही हिरवी कड ध्यानात ठेवा. थोड्याच वेळात ती कामाला येणार आहे.

आणि ऊब कुठे जास्त टिकते? ॲक्रिलिकमधून उष्णता काचेच्या मानाने सुमारे एक पंचमांशच वाहते. म्हणून हिवाळ्यात हीटरचे वीजबिल एक पंचमांश होईल असे समजू नका हं! टाकीला बाहेरून लागून हवेचा जो स्थिर थर असतो, तोच उष्णतेला मोठा अडसर घालतो आणि तो दोन्ही टाक्यांना सारखाच असतो. शिवाय बरीचशी उष्णता वरच्या उघड्या पाण्यातून बाष्पीभवनाने जाते. फायदा आहे, पण बेताचा. टाकीवर झाकण ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय.

मग मोठमोठी मत्स्यालये ॲक्रिलिकची का?

तुम्ही म्हणाल, काचेचे एवढे गुण आहेत, तर जगातल्या मोठ्या मत्स्यालयांनी ॲक्रिलिक का निवडले? मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयातही २०१५ च्या नूतनीकरणात माशांखालून चालत जाण्यासाठी जो लहानसा बोगदा केला, तो ॲक्रिलिकचाच होता.

कारण तिथे प्रश्नच बदलतो. जपानमधील ओकिनावा येथे २००२ साली उघडलेले चुराउमी मत्स्यालय पाहा. तिथल्या प्रचंड टाकीत देवमुशीसारखे महाकाय मासे पोहतात. त्या टाकीची खिडकी २२.५ मीटर रुंद आणि ८.२ मीटर उंच आहे. आपला खोलीचा नियम इथे लावा. १० मीटर खोल पाण्याच्या तळाशी दर चौरस सेंटीमीटरला १ किलोग्रॅम दाब असतो, आपल्या टाकीच्या पंचवीसपट! तो पेलण्यासाठी ही खिडकी ६० सेंटीमीटर जाड केली आहे. आता ती हिरवी कड आठवा. साध्या काचेतून एवढ्या जाडीपलीकडचा मासा गर्द हिरव्या पडद्याआड गेल्यासारखा दिसला असता. ॲक्रिलिक मात्र एवढ्या जाडीतही स्वच्छ राहते. शिवाय ॲक्रिलिकचे थर एकावर एक चिकटवून आणि तुकडे शेजारी शेजारी सांधून हवा तेवढा मोठा ठोकळा बनवता येतो. सांधणारा पदार्थही ॲक्रिलिकच्याच जातीचा असल्यामुळे सांधा जवळजवळ दिसत नाही. आणि सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्याला कमानीसारखा बाकही देता येतो.

म्हणजे मोठ्या मत्स्यालयात ॲक्रिलिकच खरे, हे झाले एक उत्तर. पण ते शेवटचे समजू नका.

बर्लिन शहरातील एका हॉटेलच्या दालनात 'ॲक्वाडोम' नावाची उभ्या नळकांड्याच्या आकाराची भव्य टाकी होती. उंची सुमारे १४ मीटर, पाणी सुमारे दहा लाख लिटर, भिंती ॲक्रिलिकच्या. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे सहाच्या आधी ती अचानक फुटली. पाण्याचा लोंढा दालन उद्ध्वस्त करून रस्त्यावर गेला. टाकीत सुमारे दीड हजार मासे होते; ते जवळजवळ सगळे मेले. पहाटेची वेळ असल्याने तिथे गर्दी नव्हती, म्हणून दोन माणसे जखमी होण्यावरच निभावले. तज्ज्ञांनी तुकडे गोळा करून तपासणी केली; पण कोणतेही एक कारण निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही.

फुटायची भीती नाही, असे दुकानदार म्हणाला होता ना? ज्याला कधीच भीती नाही असा पदार्थ नसतो. टाकी म्हणजे नुसता पदार्थ नव्हे. तिची खोली, जाडी, सांधे, खालचा आधार, वय आणि देखभाल मिळून टाकी बनते. यातला सर्वांत कच्चा दुवा जेवढा भक्कम, तेवढीच टाकी भक्कम.

मग तुम्ही कोणती घ्यावी?

आता पुन्हा दुकानात जाऊ. घरी पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्याला ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३५ सेंटीमीटर उंच टाकी पुष्कळ झाली. तिच्यात ३० सेंटीमीटर पाणी भरले तर ते ५४ लिटर होईल आणि समोरच्या बाजूवर २७ किलोग्रॅम जोर येईल. योग्य जाडीची काच तो सहज पेलते. ॲक्रिलिकचे जे मोठे गुण आपण पाहिले, म्हणजे प्रचंड जाडीतला स्वच्छपणा आणि अदृश्य सांधे, त्यांची इथे गरजच पडत नाही. उलट रोजच्या घासण्यापुसण्यात काच जास्त टिकते, स्वस्त पडते आणि गळली तर दुरुस्त करता येते. म्हणून अशा टाकीसाठी काच घ्यावी, असे माझे मत आहे. त्या गृहस्थांचा निष्कर्ष बरोबर होता. कारण मात्र चुकले होते.

पण टाकी अनेक जिने चढवून न्यायची असेल, घरात धक्का लागण्याचा संभव जास्त असेल किंवा गोलाईचा आकारच हवा असेल, तर ॲक्रिलिकचा विचार जरूर करा. मात्र घासण्यासाठी मऊ कापड वेगळे ठेवा, स्पिरिट जवळ आणू नका आणि टाकीच्या सबंध तळाला आधार द्या.

टाकी कोणतीही असो, टेबल सपाट आणि समतल आहे ना हे पाहा. काचेच्या टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता ठेवा, म्हणजे टेबलाचा उंचसखलपणा आणि एखादा राहिलेला खडा तो आपल्या अंगात जिरवतो. मासे आणण्यापूर्वी टाकी पूर्ण भरून दोनतीन दिवस तशीच ठेवा आणि सांध्यांवरून रोज कोरडा कागद फिरवून पाहा. कागद ओला झाला तर मासे आणायची वेळ अजून आलेली नाही. आणि भरलेली टाकी कधीही उचलू किंवा सरकवू नका.

करून पाहा

१. ताठपणाचा नियम : ३० सेंटीमीटरच्या चार सारख्या प्लॅस्टिक पट्ट्या घ्या. दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर एक पट्टी आडवी ठेवून तिच्या मध्यावर एक वजन टांगा आणि ती किती वाकते ते मोजा. मग दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून तेच वजन टांगा; वाक जवळजवळ निम्मा होईल. आता उरलेल्या दोन पट्ट्या एकमेकींना पूर्ण लांबीभर घट्ट चिकटवा, सुकू द्या आणि पुन्हा मोजा. वाक एक अष्टमांशाच्या आसपास आला, तर जाडीच्या घनाचा नियम तुमच्या हाती लागला. ओकिनावाच्या खिडकीचे थर नुसते रचून न ठेवता चिकटवलेले का असतात, याचेही उत्तर त्यात मिळेल.

२. स्टेव्हिनचे कोडे : प्लॅस्टिकची एक अरुंद बाटली आणि एक रुंद डबा घ्या. दोन्हींना तळापासून सारख्याच उंचीवर, सारख्याच आकाराचे एक एक भोक पाडा. भोक बोटाने बंद करून दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरा. बोटे काढताच कोणती धार लांब पडते ते पाहा. डब्यात पाणी कितीतरी जास्त आहे. धारेला त्याचा पत्ता आहे का?

शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग वर्गात करून घ्यावेत. दुसऱ्या प्रयोगात बोटे काढण्यापूर्वी प्रत्येक मुलाला आपला अंदाज वहीत लिहायला सांगावा. ज्यांचा अंदाज चुकेल त्यांना हा धडा जास्त दिवस लक्षात राहील.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "यात चांगले कोणते?" असे विचारले, मग ते टाकीबद्दल असो, भांड्याबद्दल असो की पुलाबद्दल, तर चटकन उत्तर देऊ नका. आधी विचारा, "कशासाठी? आणि किती खोल पाण्यात?"